राईनफेल्स: बोटीतून बघू नका, उतरा

मागे एकदा नागपूरच्याच एका टूरवाल्याने आम्हाला 'राईन नदीवर किल्लेदर्शन' घडवलं होतं. दर्शनच ते. दोन तास बोटीत खुर्चीवर बसून काठावरचे किल्ले मोजायचे आणि घरी येऊन कोणता फोटो कोणत्या किल्ल्याचा यावर भांडायचं. पायाला एकाही किल्ल्याची माती लागली नाही. यंदा ऑक्टोबरात मुलीकडे फ्रँकफर्टला गेलो तेव्हा आधीच अट घातली, एकच किल्ला, पण आतून. आणि पडका.

"पडकाच काहून, बाबा?"

मी अडतीस वर्षं बांधकामाची ठेकेदारी केली. शाबूत भिंत बाहेरून गिलावा दाखवते, आत काय आहे ते पडल्यावरच कळतं.

तिने राईनफेल्स काढला. सांक्ट गोआर नावाच्या छोट्या गावाच्या डोक्यावर. माइन्झला गाडी बदलली की पुढचा रूळ नदीला चिकटून जातो, खिडकी डाव्या हाताला न मिळता उजव्या हाताला मिळेल असं बघा. स्टेशनापासून वर चढ आहे. तरणी माणसं वीस मिनिटांत जातील. आम्ही दोघं अर्ध्या तासाने पोचलो, त्यात सौ. तीनदा 'फोटो काढायला' थांबली. तिकिटाचा आकडा मुलीने सांगितला नाही. आम्ही लगेच रुपयांत गुणतो, हे तिला माहीत आहे.

चढावरच मला पहिली गंमत सापडली. वाटेत काळसर, पातळ चिपा पडलेल्या. एक उचलली, दुसऱ्या खड्याने तिच्यावर 'अ' काढला. पांढरा, स्वच्छ 'अ'. अहो, ही तर आपली पाटी! पहिलीत जिच्यावर थुंकी लावून पुसापुशी केली तीच. हे अख्खं खोरं पाटीच्या दगडाचं आहे. घरांची छपरं त्याची, किल्ल्याच्या भिंती त्याच्या, आणि द्राक्षाचे मळेही त्याच्यावरच. थंड मुलखात द्राक्ष पिकतं कसं, हा माझा प्रश्न होता. उत्तर या चिपांत आहे. काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलाला परत देतो. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर रात्री अकराला बादलीभर पाणी ओतून झोपलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. फक्त आपण त्या उष्णतेला शिव्या देतो, ते तिची रीसलिंग वाइन करतात. चिप वाटेवरच ठेवून दिली.

किल्ला 1245 मध्ये काट्झेनेल्नबोगेन घराण्याच्या सरदाराने बांधला. मुलगी म्हणाली, या नावात मांजर आणि कोपर हे दोन्ही शब्द ऐकू येतात. समोरच्या काठावरच्या त्यांच्या दुसऱ्या किल्ल्याला लोक नुसतं 'काट्झ' म्हणजे मांजर म्हणतात, आणि खाली थोड्या अंतरावर शेजाऱ्याचा आहे तो 'माउस', उंदीर. राईनफेल्सचा धंदा मात्र सरळ, नदीतून जाणाऱ्या मालाच्या होड्यांकडून जकात. थोडक्यात, नाका. जकात फार झाली म्हणून आसपासच्या शहरांनी एकजूट करून 1255 मध्ये वेढा घातला, वर्षभर बसले, किल्ला मिळाला नाही. 1692 मध्ये फ्रेंचांची 28 हजारांची फौज आली, तीही हात हलवत परत गेली. आणि इतकं सगळं सोसलेला हा किल्ला 1794 मध्ये एक गोळी न झाडता फ्रेंचांच्या हवाली झाला. तीनेक वर्षांनी त्यांनीच तो सुरुंगाने उडवला. आज दिसतो तो उरलेला भाग, आणि तोही पायी फिरताना दम काढतो. आत छोटं संग्रहालय आहे, तिथे अख्ख्या किल्ल्याची प्रतिकृती बघा आणि मगच फिरा, नाहीतर कोणती भिंत कशाची ते कळत नाही.

भुयारांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथेच वसूल होतात. शत्रू तटाजवळ आला की त्याच्या पायाखालीच सुरुंग उडवायचा, म्हणून किल्लेवाल्यांनी बाहेरच्या बाजूला जमिनीखालून अरुंद गल्ल्या काढून ठेवल्या. सौ. तोंडाशीच बसली. "तुम्ही जा. कोणीतरी बाहेर पाहिजे." आत ताठ उभं राहता येत नाही. मोबाइलचा उजेड पुरत नाही, खरी टॉर्च न्या. एका वळणावर मी उजेड बंद केला आणि भिंतीवर तळवा ठेवला. दगड गार, ओलसर, आणि सांध्यातला चुना बोटाला किंचित रेती सोडणारा. बाहेर पाहिलेल्या भिंतीही अशाच, पोट उघडं टाकलेल्या. दोन्ही बाजूंना नीट बसवलेल्या चिपा, मधे दगडमातीची भर. कारागिराचा हात दिसतो, घाईही दिसते.

हे सांगायचं कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याची चुन्यातली भिंत मी सिमेंटने सांधे भरून 'पक्की' करून दिली होती. मालक खूश, मीही खूश. तीन पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही, मनावर घेतलं नव्हतं. त्यामुळे पडकी भिंत पडकी ठेवायला किती धीर लागतो हे मी जाणतो. याच नदीवर एकोणिसाव्या शतकात बरेच पडके किल्ले हौसेने नव्याने उभारले. दिसायला देखणे आहेत. मला ते लग्नाच्या लॉनच्या कमानीसारखे वाटतात. माझं मत, भांडू नका.

इथलेही दगड गेलेच. 1812 नंतर किल्ला खाणीसारखा वापरला, कोब्लेंट्सजवळचा एरेनब्राइटश्टाइन किल्ला नव्याने बांधायला त्यातले नेले. ते काम सुरू झालं 1817 मध्ये. त्याच साली आपल्याकडे नागपूरला भोसले आणि इंग्रजांची सीताबर्डीची लढाई झाली. पुढे 1843 मध्ये प्रशियाच्या, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या राज्याच्या, राजपुत्राने हे अवशेष विकत घेतले, म्हणून उरलं ते उरलं. आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यावर जायला ठराविक दिवसांची वाट बघत रांगेत उभं राहावं लागतं, आणि इथे मी कुठल्याही कोपऱ्यात एकटा उभा. थोडी असूया वाटली.

मोठ्या तळघरात कधीकाळी दोन लाख लिटर वाइन मावायची म्हणतात. मी लगेच हिशेब केला, दहा हजारवाले वीस टँकर. वेढ्यात पाण्याच्या आधी याची सोय पाहिली असणार.

जेवण आम्ही घरून नेलं होतं, दशम्या आणि लसणाची चटणी. बाकावर बसून खाल्लं. खाली दोन्ही काठांवरून मालगाड्या जात होत्या, एक संपली की दुसरी, आवाज दरीतून वर येतो. कोणाला शांतता हवी असेल तर आधीच सांगून ठेवतो. आम्हाला अजनीत, नागपूरच्या रेल्वेच्या भागात, राहून याचं काही वाटलं नाही, उलट दुपारची डुलकी लागली. नंतर मुलीने गावात रीसलिंग घेतली. सौ.ने एक घोट चाखून "लिंबू सरबतात साखर विसरले" असा निकाल दिला आणि पेला रिकामा केला.

हिवाळ्यात किल्ला बंद असतो, वेळा बघूनच निघा. बुटाचा तळ घट्ट हवा, ओल्या पाटीच्या दगडावर पाय सटकतो. परतीला फेरीबोटीने पलीकडे गेलात तर लक्षात ठेवा, माइन्झ ते कोब्लेंट्स या सगळ्या टप्प्यात नदीवर पूल नाही. शेवटची फेरी चुकली की मुक्काम मांजराच्या बाजूला.

पाचपैकी चार तारे. पाचवा माझ्या गुडघ्याने कापला.