जुन्या ३८६ संगणकावर एक्स विंडो : डेस्कव्ह्यू/एक्स की लिनक्स?

एक्स विंडो म्हणजे पडद्यावर प्रोग्रॅमच्या खिडक्या दाखवणारी प्रणाली; तिच्यात समोरचा पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमलाच सर्व्हर म्हणतात, कामाचा प्रोग्रॅम मात्र दूरच्या यंत्रावर चालू शकतो. जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ३८६ या जुन्या इंटेल प्रोसेसरच्या संगणकावर डेस्कव्ह्यू/एक्स आणि लिनक्स हे दोन्ही मार्ग वापरून पाहिले. डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या १९९२ च्या डेस्कव्ह्यू/एक्सचा मोठा गुण असा, की डॉसवरचे हिशेबाचे प्रोग्रॅम तसेच चालतात, इतकेच नव्हे तर त्यांची खिडकी नेटवर्कवरून दुसऱ्या पडद्यावरही उघडता येते. पण नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, चढवला, की डॉसच्या ६४० किलोबाइट मेमरीतली उरलेली जागा मोजत बसावे लागते. लिनक्सवर ही ओढाताण नाही, कारण टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवर माहिती पाठवण्याची पद्धत, कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच आहे. एक्सफ्री८६ या लिनक्सवरच्या जुन्या एक्स सर्व्हरसाठी मॉनिटरच्या वारंवारता मात्र हाताने लिहाव्या लागतात, आणि आकडा चुकला की पडदाभर तिरप्या रेघा थरथरतात. एखाद्या कापूस व्यापाऱ्याचे डॉसवरील हिशेब टिकवायचे नसतील, तर मी लिनक्सच निवडेन.