एकच दिवस हाताशी असेल तर: खिटहोर्न की मार्केन?

अ‍ॅमस्टरडॅमला गेलेल्याला एक दिवस मोकळा मिळाला की 'खिटहोर्न बघून ये' असं कुणीतरी सांगतंच. मार्केनचं नाव सहसा निघत नाही. दोन्ही गावं छोटी, दोन्ही पाण्यातली. पण पाण्याशी त्यांचं नातं अगदी उलटं आहे, आणि निवड करताना मी तरी तेच बघेन.

खिटहोर्नचं पाणी माणसांनी आणलं. ओव्हरआयसेल प्रांतातली ही दलदलीची जमीन. शतकानुशतकं लोकांनी इथलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, खणून, वाळवून जळण म्हणून विकलं. ते वाहून न्यायला कालवे खोदले आणि उरलेल्या बेटांवर घरं बांधली. आज फोटोत दिसणारे दीडशेहून जास्त लाकडी पूल त्यातूनच आले. खोदताना मधे पीट वाळवायला जमिनीच्या पट्ट्या सोडायच्या असत. हाव सुटली तशा त्या अरुंद होत गेल्या, आणि १७७५ व १७७६ च्या वादळांत लाटांनी त्या फोडून काढल्या. जवळचं ब्यूलाक गाव तेव्हा कायमचं बुडालं. त्याच्या जागी आज मोठं तळं आहे. भाड्याच्या बोटीतून हिंडताना हे कुणी सांगत नाही.

मार्केनवर मात्र पाणी चालून आलं. मध्ययुगातल्या पुरांनी हा तुकडा मुख्य भूमीपासून तोडला. बांध पुरेसे नव्हते, म्हणून लोकांनी मातीचे उंचवटे रचून त्यावर दाटीवाटीनं घरं बांधली. उंचवट्यांवर जागा संपल्यावर खांबांवरची घरं आली, खालून पाणी जाऊ द्यायचं अशी. जानेवारी १९१६ च्या पुरात इथली १६ माणसं गेली. लेली या अभियंत्यानं मार्केनभोवतीचं समुद्राचं आखात बांध घालून बंद करण्याची योजना १८९१ मध्येच मांडली होती. १९१८ मध्ये तिचा कायदा झाला, १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध पूर्ण झाला आणि खारं आखात गोड्या पाण्याचं सरोवर झालं. गाव वाचलं, पण मासेमारीचा कणा मोडला. १९५७ मध्ये रस्ता आला आणि बेटपणही संपलं. खांबांखालची मोकळी जागा पुढे बऱ्याच ठिकाणी भिंती घालून बंद केली, कारण आता पाणी येणारच नव्हतं. काळी आणि हिरवी लाकडी घरं नुसती सुंदर म्हणून पाहू नका, खालच्या मजल्याकडे नीट बघा.

प्रवासाचं म्हणाल तर मार्केनला अ‍ॅमस्टरडॅमहून थेट बस आहे, पाऊण तास धरा. खिटहोर्नला रेल्वेनं स्टेनवेकपर्यंत आणि पुढे बसनं, जायलाच साधारण दोन तास. दुपारी पोहोचून संध्याकाळी परतायचं असेल तर उन्हाळ्यातल्या खिटहोर्नमध्ये बोटींची कोंडीच जास्त दिसेल. तिथे मुक्काम करणार असाल तर गोष्ट वेगळी: सकाळी दिवसाच्या सहली यायच्या आधी ते गाव खरंच देखणं असतं. लहान मुलं बरोबर असतील तर तीही बोटीवरच खूष होतील. विजेवर चालणाऱ्या या संथ बोटींना परवाना लागत नाही.

बाकी सगळ्यांना मी मार्केनच सांगेन. १८३९ चं दीपगृह मार्केनच्या पूर्व टोकाला आहे. तिथवर बांधावरून चालत जा आणि हंगाम असेल तर परतताना जवळच्या फोलेनडाम गावाला जाणारी बोट पकडा. फक्त खिडक्यांतून डोकावू नका, दोन्हीकडे त्या घरांत लोक राहतात.