आधार: प्रॉडक्ट भारी, पण गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नाही

आधारचा रिव्ह्यू लिहायचा तर नंदन नीलेकणींपासूनच सुरुवात करावी लागते, कारण ही सरकारी योजना कमी आणि कंपनीवाल्या माणसाचं प्रॉडक्ट जास्त वाटते. इन्फोसिसचे को-फाउंडर, 2002 ते 2007 सीईओ, आणि 2009 ला कंपनी सोडून थेट यूआयडीएआयचे, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेचे, चेअरमन, तेही कॅबिनेट दर्जाने. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिला नंबर दिला, तो आपल्या नंदुरबारातल्या टेंभलीत.

डिझाइनला पैकीच्या पैकी. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि सोबत फोटो, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, बास. जात नाही, उत्पन्न नाही, आपल्याकडे साधा दाखला काढायचा तरी पानभर रकाने भरावे लागतात राव. आणि तो नंबर बघा, 12 आकडे, त्यात राज्य-जिल्हा काही लपवलेलं नाही, नुसता रँडम, 0 किंवा 1 ने कधी सुरू होत नाही आणि शेवटचा आकडा आधीच्या 11 वरून गणित करून काढलेला, म्हणजे टाइप करताना एक आकडा चुकला तरी तिथल्या तिथे पकडला जातो. नोंदणीचं काम एजन्सींना, नगाप्रमाणे पैसे, त्यामुळे स्पीड जबरदस्त आला आणि नावांच्या स्पेलिंगची वाटही लागली. फोटोबद्दल तर बोलायलाच नको.

घोळ वेगळाच आहे. कंपनीत आधी लाँच करायचं, मग दुरुस्त करत बसायचं, हे खपून जातं. इथे नंबर वाटायला सुरुवात 2010 ला आणि कायदा 2016 ला! मधे 2011 ला संसदेच्या स्थायी समितीने बिल नाकारलं तरी वाटप चालूच. बँक खातं आणि सिमकार्ड आधारला जोडायची सक्ती शेवटी 2018 ला सुप्रीम कोर्टाने काढली, तोवर सगळ्यांनी घाबरून लिंक करून टाकलेलं.

आणि ठसे. जन्मभर शेतात नाहीतर बांधकामावर राबलेल्या माणसाची बोटं झिजतात, मशीन ओळखतच नाही. ओटीपीचा पर्याय आहे पण त्याला मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि तो नंबर मुलाचा असतो, मुलगा पुण्याला. इन्फोसिसचा क्लायंट नाराज झाला तर दुसरी कंपनी बघेल, रेशनच्या लाइनीतली म्हातारी कुठे जाणार?

गंमत म्हणजे 2014 ला नीलेकणी काँग्रेसकडून लोकसभेला दक्षिण बंगळुरूत उभे राहिले आणि भाजपच्या अनंत कुमारांकडून दोन लाखांहून जास्त मतांनी पडले. प्रॉडक्ट मात्र नव्या सरकारने ठेवलं, उलट जोरात वाढवलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. लॉजवाल्याला कॉपी द्यायची तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि बायोमेट्रिक, म्हणजे ठसे-बुबुळं, लॉक करून ठेवा, फुकट आहे.