लायसन नको, पासिंग नको म्हणत ६२,५०० ला टोपी

बॅटरीच्या स्कूटीवाल्यानं मले ६२,५०० ला टोपी घातली अन् वरून १०,००० दंड, तोही आम्हालेच!

बायको आशा वर्कर, दारव्हा तालुक्यातली चार गावं फिरते, एसटीचा भरवसा नाही, म्हणून कापसाच्या पैशातून गाडी घेतली. दुकानदार म्हणे भाऊ लायसन, पासिंग, इन्शुरन्स कायचंच टेन्शन नाही, सरकारनंच माफ केलंय. माफी आहेच, ती खोटी नाही. पण मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत अन् बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशा गाडीलेच. हे कोण सांगते?

डिलिव्हरीच्या वेळी मी म्हटलं चढावर दम खाते, तर त्याच्या पोरानं सीट उचलून कंट्रोलरजवळची (मोटरचा वेग सांभाळणारी डबी) एक पांढरी पिन, म्हणजे वेगाचं लॉक, उपटली, म्हणे आता पळवा. मीटरवर ४८! तिथंच डोकं ठणकायला पाहिजे होतं, हातातल्या बिलावर २५ छापलेलं अन् गाडी ४८ नं पळते कशी. पण दुकानवालाच करून देते म्हटल्यावर गिऱ्हाईक काऊन शंका घेईन? मी काय वायरमन हाओ का?

बायपासवर आरटीओच्या पथकानं धरली. वेग वाढवला म्हणजे ते मोटार वाहन झालं म्हणे. बायकोले लायसन नाही ५,०००, तिले चालवाले दिली म्हणून माझे ५,०००, नंबर नाही म्हणून गाडी जमा. मग पासिंग करून द्या म्हटलं तर तेही होत नाही, कागदावर कमी वेगाचीच मंजुरी हाय.



पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे हे आरटीओचं, आरटीओत म्हणे दुकानदाराचं पोलिसांले सांगा, अर्ज नेला तर पोच देणारा बाबू जेवाले गेला तो आलाच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये अशा डीलरला गाडीमागे १ लाख दंड नाहीतर वर्षापर्यंत कैद लिहून आहे, २०२२ मध्ये परिवहन आयुक्तांनी कारवाईचे आदेशही काढले होते, अन् धरता कोणाले? आशा वर्करले! दुकान तर आजही चालूच आहे, अन् तो म्हणते पिन तुम्हीच काढली.

घेण्याआधी एआरएआय नाहीतर आयकॅट, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट मागा, मॉडेल बिलाशी जुळवा, मोटरवरची प्लेट वाचा. "लॉक खोलून देतो" म्हटलं की उठा तिथून. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोनही लागते. मी तक्रार टाकतोय, आपल्या भागात कोणाले अशीच गाडी गळ्यात मारली असन तर बिल घेऊन या, सोबतच जाऊ.