कानाने दहावी: 17 नंबर, एनआयओएस की रात्रशाळा?

शाळा सुटून दहा-वीस वर्षं झाली, दिवसभर काम असतं, वही-पुस्तक घेऊन बसायला वेळ नाही आणि दहावी मात्र करायची आहे. अशा माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: मोबाइलवर धडे ऐकून अभ्यास होतो का? होतो, पण कोणत्या विषयाचा? आणि विषय कोणते येणार ते तुम्ही कोणत्या परीक्षेला बसता यावर ठरतं. म्हणून ऑडिओ चांगला की वाईट हे बघण्याआधी फॉर्म कुठला भरायचा ते ठरवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी इअरफोन घेतात, मग फॉर्म शोधतात.

दोन फॉर्म, दोन स्वभाव

'17 नंबरचा फॉर्म' म्हणजे महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देणं. शाळेत जाणाऱ्या मुलांना येते तीच प्रश्नपत्रिका तुम्हाला येते. फॉर्म ऑनलाइन भरायचा, पण एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावी लागते. कागदपत्रं तिथे द्यायची, तोंडी आणि अंतर्गत गुणही तिथूनच. विषय सहा, गुण 600. टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची काढतात, म्हणून काही जणांचा समज होतो की एक विषय सोडला तरी चालतं. चालत नाही. गणित आणि इंग्रजी कुणालाच चुकलेलं नाही.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हे केंद्राचं मंडळ. इथे पाच विषय पुरतात. त्यात किमान एक भाषा हवी, बाकीचे आपण निवडायचे. गणिताची सक्ती नाही. गृहविज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, चित्रकला असे पर्याय आहेत. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात, राज्य मंडळात 35. पण खरा फरक वेळेचा आहे: एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. या खेपेला दोन विषय, पुढच्या खेपेला तीन, असं करता येतं आणि उत्तीर्ण झालेले विषय जमा राहतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. शिवाय मागणीनुसार, म्हणजे आपली तयारी झाली की बसायच्या परीक्षेची सोय आहे, तिचा शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला चांगला उपयोग होतो. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना 20 टक्के वजन असतं, ते वेगळं.

कागदावर बघितलं तर ऑडिओवाल्यासाठी एनआयओएस सरळ सरस ठरतं. कानाला जड जाणारा विषय घेतलाच नाही की निम्मी लढाई संपली. पण दोन गोष्टी आड येतात.

पहिली म्हणजे, दहावी तुम्हाला कशासाठी हवी आहे? ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीला दहावीत गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असावं लागतं. आयटीआयच्या अनेक ट्रेडना गणित-विज्ञानासह दहावी मागतात. गणित सोडून मिळवलेलं प्रमाणपत्र खरंच असतं, पण त्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही. अर्ज भरताना गणित टाळलं आणि तीन वर्षांनी जाहिरात वाचून कपाळाला हात लावला, असं व्हायला नको. बारावीला बसण्यापुरती किंवा बढतीपुरती दहावी हवी असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

दुसरी गोष्ट भाषेची. एनआयओएसची स्वतःची श्राव्य सेवा आहे, 'मुक्त विद्या वाणी'. चांगली कल्पना, पण तिथलं बरंचसं हिंदी-इंग्रजीत. परीक्षेचं माध्यम मराठी घेता येतं, मात्र ऐकायला मराठीत तेवढं मिळत नाही. राज्य मंडळाचं चित्र नेमकं उलटं आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर मराठीत इतकं बोललं गेलंय की शोधायला गेलात तर ऐकून संपणार नाही. म्हणजे ज्या परीक्षेचे विषय कानाला सोयीचे, तिचं मराठी साहित्य कमी. आणि जिचं साहित्य भरपूर, तिच्यात भूमिती आहे.

कानाला काय झेपतं

इतिहास आणि राज्यशास्त्र उत्तम झेपतं. ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी शाळा सोडली त्यांना दहावीचा आताचा इतिहास ओळखूच येणार नाही. सनावळ्या कमी, इतिहासलेखनाची परंपरा, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन असले धडे जास्त. राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष. मतदान केलेल्या, ग्रामसभेत बसलेल्या माणसाला हे पंधरा वर्षांच्या मुलापेक्षा लवकर कळतं. भूगोलात अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचं आहे. ऐकायला गोष्टीसारखं लागतं. फक्त नकाशा पुढ्यात हवा. ॲमेझॉनचं खोरं कुठे, उच्चभूमी कुठे, हे ऐकून कळल्यासारखं वाटतं, पण नकाशात भरायला सांगितलं की पेन थांबतं.

विज्ञान अर्धं-अर्धं. आनुवंशिकता, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन, अवकाश मोहिमा हे सगळं ऐकून होतं. भिंगांची किरणाकृती आणि कार्बनी संयुगांची रचनासूत्रं होत नाहीत.

भूमितीबद्दल स्पष्टच सांगतो: ऑडिओवर वेळ घालवू नका. समरूपतेच्या धड्यातलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या. शिक्षक सांगतात, "त्रिकोण एबीसीमध्ये रेख डीई समांतर रेख बीसी, बिंदू डी हा एबीवर, ई हा एसीवर." एवढ्यात तुमच्या मनातला डी कुठे गेला ते शोधेपर्यंत ते गुणोत्तरावर पोचलेले असतात. इथे आकृती काढत बघायचा व्हिडिओ हवा, किंवा समोर बसलेला माणूस. बीजगणितातला अर्थनियोजनाचा धडा याला थोडा अपवाद. जीएसटी, शेअर या गोष्टी दुकानावर बसणाऱ्याला नव्या नाहीत, संकल्पना ऐकून पक्की होते. गणितं मात्र हातानेच सोडवायची.

इंग्रजीची गंमत वेगळी. धडा रोज ऐकला की उच्चार आणि वाक्याचा कल अंगवळणी पडतो. भाषेच्या तोंडी परीक्षेत ऐकण्याचं कौशल्यही तपासतात, तिथे हे कामी येतं. पण 'नॉलेज'च्या सुरुवातीचा मुका 'के' कानाला कधीच ऐकू येत नाही. स्पेलिंग लिहूनच बसतं.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अडचण मात्र विषयाची नाहीच. दहावीची परीक्षा शेवटी लिहायची असते, भाषेच्या एका पेपरला तीन तास. बारा वर्षांत सही आणि वाणसामानाची यादी यापलीकडे न लिहिलेला हात दुसऱ्या पानावर भरून येतो. ऑडिओने तयारी केलेली माणसं उत्तर तोंडी झकास सांगतात आणि कागदावर चार ओळींत आटोपतात. म्हणून तासभर ऐकलं तर वीस मिनिटं लिहायचं, ही अट स्वतःवर घाला. धडा थांबवा, काय ऐकलं ते मोठ्याने बोला, मग तेच पाच वाक्यांत उतरवा. हे जमणार नसेल तर ऑडिओच्या भरवशावर फॉर्म भरू नका.

दृष्टिहीन विद्यार्थ्याचं गणित अर्थातच निराळं. त्याला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, आणि श्राव्य पुस्तकं हाच अभ्यासाचा मुख्य रस्ता असतो. अंधांसाठी काम करणाऱ्या 'नॅब'सारख्या संस्था आणि 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन लायब्ररी त्यासाठीच आहेत.

मग रात्रशाळा?

असेल तर तीच घ्या, असं म्हणण्याचा मोह होतो. मुंबईत गिरणगावाच्या काळापासून रात्रशाळांची परंपरा आहे, 'मासूम'सारखी संस्था त्यांना हातभार लावते. फळा असतो, शिक्षक असतात, आणि शेजारच्या बाकावर तुमच्यासारखाच कामावरून थेट आलेला कुणीतरी असतो. भूमितीचं कोडं तिथे सुटतं. पण रात्रशाळा मोठ्या शहरांपलीकडे फारशा नाहीत, आणि संध्याकाळी साडेसहाला दुकान सोडून येणं प्रत्येकाला परवडत नाही. घरच्या बाईला तर ती वेळ म्हणजे ऐन स्वयंपाकाची. बायकांसाठी 'प्रथम' या संस्थेचा 'सेकंड चान्स' हा दहावीचा कार्यक्रम आहे. जवळपास चालू असेल तर आधी तिथे चौकशी करा.

ऑडिओ कुणाला कितपत लाभतो हे कामाच्या जागेवरही अवलंबून असतं. विरार-चर्चगेट उभ्याने करणाऱ्याला पुस्तक उघडता येत नाही, कान मोकळे असतात. रात्रपाळीच्या वॉचमनला तर शांतताही मिळते. रिक्षावाल्याने स्टँडवर ऐकावं, चालवताना इअरफोन नको. स्वयंपाकघरात कुकर आणि मिक्सर चालू असताना नवा धडा लावण्यात अर्थ नाही. आधी ऐकलेला पुन्हा लावा.

रेकॉर्डिंग निवडताना

राज्य मंडळाची दहावीची पुस्तकं 2018 मध्ये बदलली. त्याआधीचे धडे अजून फिरतात, ते सोडा. 2019 च्या परीक्षेपुरते भाषांचे तोंडी गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत आले. त्यामुळे 'भाषेचा पेपर 100 गुणांचा' असं कुणी सांगत असेल तर ते रेकॉर्डिंग त्या एका वर्षाचं समजा. बालभारतीच्या साइटवरून पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. अनुक्रमणिका आणि रेकॉर्डिंगची यादी शेजारी ठेवून ताडून बघा.

आणि सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग घरात तयार होतं. आठवी-नववीतल्या मुलीला धडा वाचायला सांगा, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून घ्या. धडा चालू पुस्तकातलाच असतो, आवाज ओळखीचा असतो, आणि अडलं तर विचारायला वाचणारी शेजारीच असते.

गणित लागणार असेल तर 17 नंबर: सामाजिक शास्त्रं, भाषा आणि विज्ञानाचा बराच भाग कानाने करा, गणितासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणी किंवा रात्रशाळेतल्या कुणाची मदत घ्या. गणित लागणार नसेल, हिंदी नीट कळत असेल आणि वेळेची शाश्वती नसेल तर एनआयओएस. तिथे ऑडिओवर जवळजवळ सगळं तरतं, फक्त स्वाध्याय वेळेवर लिहून द्या. 17 नंबरचे फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतात, नंतर विलंब शुल्क लागतं. शाळा सोडल्याचा दाखला सापडत नसेल तर तो शोधायचं काम आधी हाती घ्या. कुठल्याशा मंडळाची दहावी महिन्याभरात घरपोच देतो म्हणणारा भेटला, तर पैसे देण्याआधी त्या मंडळाला राज्य मंडळाची समकक्षता आहे का, हे विभागीय मंडळाच्या कार्यालयात विचारून या.