बेटावरच्या उंदरांचा आकार: जीवाश्म दाढा की संग्रहालयातले नमुने?

बेटावरच्या उंदरांचा आकार काळानुसार कसा बदलला, यावर प्रबंध लिहायचाय, पण जीवाश्म घेऊ की संग्रहालयातले नमुने, अशा पेचात एक विद्यार्थिनी आहे.

काळाच्या पल्ल्यात जीवाश्मांना तोड नाही. इटलीतलं गार्गानो एकेकाळी बेट होतं. तिथल्या खडकांच्या भेगांत मिक्रोटिया या उंदराच्या दाढा साचल्या आणि काही वंश मोठे होत गेलेले त्यांत दिसतात. संग्रहालयं फार मागे नेत नाहीत. तरी कॅलिफोर्नियाच्या चॅनल बेटांवरच्या डीअर माइस या उंदरांमध्ये शंभर वर्षांच्या आत झालेला बदल अशाच नमुन्यांतून कळला!

अचूकपणात मात्र दाढा मागे पडतात. बहुतेक उंदरांची दाढ उगवल्यावर मोठी होत नाही, त्यामुळे वयाचा घोळ टळतो, हे खरं. पण तिच्यावरून वजन काढायचं समीकरण बहुधा मुख्य भूमीवरच्या जातींवर बेतलेलं असतं, आणि बेटावर दात नि अंग एकाच प्रमाणात वाढतील याची हमी नाही. पायाची हाडं मिळाली तर ती आधी मोजावीत. संग्रहालयातल्या कातड्याला चिठ्ठी असते: तारीख, ठिकाण, नर की मादी, लांबी, कधी वजनही. शेपटीच्या आकड्यावर मी फारसा विसंबणार नाही. मोजणारा बदलला की तो बदलतो.

मेहनत दोन्हीकडे आहेच, पण गाळ चाळून तांदळाएवढी दाढ शोधणं जास्त चिकाटीचं.

बेटावर लहान प्राणी मोठे आणि मोठे प्राणी लहान होत जातात, हा जीवशास्त्रज्ञ फॉस्टरने 1964 साली मांडलेला बेटांचा नियम दीर्घ काळावर तपासायचा असेल तर दाढाच घ्याव्यात. दक्षिण अटलांटिकमधल्या गफ बेटावर जहाजांतून पोचलेल्या घरउंदरांसारखा ताजा, वेगवान बदल मोजायचा असेल, किंवा हातात दोनच वर्षं असतील, तर संग्रहालय गाठावं.