लॉयल्टी योजना: कार्ड, मोबाइल नंबर की अ‍ॅप? एक परीक्षण

मोठ्या साखळी दुकानांच्या लॉयल्टी योजना साधारणपणे तीन रूपांत मिळतात: प्लास्टिकचं कार्ड, काउंटरवर सांगायचा मोबाइल नंबर आणि दुकानाचं अ‍ॅप. सवलत बहुतेक वेळा तिन्हींवर सारखीच असते. फरक पडतो तो तिच्या बदल्यात आपण काय देतो यात, आणि हे परीक्षण तेवढ्यापुरतंच आहे. निकाल आधीच सांगतो. कार्ड घ्यायला हरकत नाही, अ‍ॅप वापरायचंच तर परवानग्या कापून वापरावं, आणि मोबाइल नंबर देऊ नये. तिन्हींतला सगळ्यात सोपा वाटणारा प्रकारच ग्राहकाला सगळ्यात जास्त उघडं पाडतो.

का, ते बिलावरून कळतं. बिलात तारीख, वेळ, शाखा, काउंटर, प्रत्येक वस्तूचा बारकोड, नग, किंमत आणि पैसे कसे दिले याची नोंद असते. नाव नसतं. पण नाव नसणं म्हणजे निनावी असणं नव्हे. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ११ लाख लोकांच्या तीन महिन्यांच्या क्रेडिट कार्ड व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नावं आणि कार्ड नंबर काढून टाकलेल्या त्या माहितीत, एखादा माणूस कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात होता अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर ९० टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखता येत होते. बिलाची रक्कमही अंदाजे माहीत असली तर ओळख आणखी सोपी होत होती. “आम्ही नावं काढून माहिती वापरतो” हे अटींमधलं वाक्य वाचताना हा आकडा लक्षात ठेवावा.

सुटं बिल तसं फारसं काही सांगत नाही. पन्नास बिलं एका माणसाची आहेत हे कळलं, की ती बोलू लागतात. टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीचं उदाहरण २०१२ मध्ये जगासमोर आलं. तिथे प्रत्येक ग्राहकाला आतल्या आत एक ‘गेस्ट आयडी’ दिला जाई आणि कार्ड, ईमेल, कूपन अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेली माहिती त्याखाली जमा होई. बिनवासाचं लोशन, झिंक-मॅग्नेशियमच्या गोळ्या अशा सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून कंपनीचे विश्लेषक बाई गरोदर असण्याची शक्यता काढत, बाळंतपण साधारण कधी आहे याचाही अंदाज बांधत. त्यातली एकही वस्तू एरवी गुपित नव्हती. म्हणून पाळत ठेवायची असेल तर वस्तूंवर नको, बिलं एकमेकांना जोडणाऱ्या धाग्यावर ठेवा. तो धागा जितका पक्का, तितकी योजना वाईट.

प्लास्टिकच्या कार्डाचा धागा सगळ्यात कच्चा असतो, म्हणून ते मला पसंत आहे. कार्डावर एक क्रमांक असतो आणि काउंटरवरच्या मशीनला सवलत द्यायला तेवढा पुरतो. सोबतच्या अर्जात कोणती रकाने सक्तीची आहेत ते नीट पाहा. जन्मतारीख, घरातली माणसं, पत्ता हे पुष्कळदा ऐच्छिक असतं, पण अर्जाची मांडणी अशी असते की माणूस सगळंच भरून टाकतो. जन्मतारीख तर टाळाच. अमेरिकेत गोपनीयतेच्या अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं होतं, की पोस्टाचा पाच आकडी कोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावर तिथली सुमारे ८७ टक्के लोकसंख्या एकमेव ठरते. वाढदिवसाच्या सवलतीसाठी तारीख आणि महिना पुरेसा आहे. वर्ष मागितलं तर रकाना रिकामा सोडा.

कार्डाचं निनावीपण एका फटक्यात संपतं, ते असं. वर्षभर ते रोख पैशांनी वापरलं, मग एकदा घरपोच मागवताना तोच क्रमांक दिला. त्या क्षणी पुढची बिलं तर नावावर येतातच, पण मागचं वर्षसुद्धा येतं, कारण जुनी बिलं त्याच क्रमांकाखाली साठलेली असतात. वॉरंटीची नोंदणी, ईमेलवर मागवलेलं बिल, बक्षीस योजनेचं कूपन यांचंही तेच. बँकेचं कार्ड एकदा वापरलं तर नाव लगेच जात नाही, पण दुसरा पक्का धागा मिळतो. त्यामुळे दर सहा महिन्यांनी नवं लॉयल्टी कार्ड घेतलं आणि पैसे मात्र त्याच बँक कार्डाने दिले, तर बदलाचा काही उपयोग नाही. मैत्रिणीशी कार्डाची अदलाबदल करण्याची युक्तीही याच कारणाने फसते.

फोन टेकवून पैसे देणं इथे थोडं बरं, पण लोक समजतात तितकं नाही. फोन दुकानाला खरा कार्ड नंबर न देता टोकन, म्हणजे त्याऐवजीचा दुसरा क्रमांक देतो, हे चोरीपासून चांगलं संरक्षण आहे. मात्र त्या फोनवरच्या त्या कार्डाचं टोकन दर वेळी तेच असतं, म्हणून दुकान बिलं जोडू शकतं. कार्ड फोनमधून काढून पुन्हा घातलं तर टोकन बदलतं. तरी कार्ड व्यवहारांची मानकं ठरवणाऱ्या ईएमव्हीको या संस्थेच्या मानकात ‘पेमेंट अकाउंट रेफरन्स’ नावाचा २९ अक्षरांचा संदर्भ आहे, आणि तो मूळ खात्याशी बांधलेला असल्याने जुनं-नवं टोकन एकत्र आणता येतं. बिलं अजिबात जुळू नयेत असं वाटत असेल तर त्या खरेदीपुरती रोख रक्कमच उपयोगी.

आता मोबाइल नंबर. कार्डाचा क्रमांक त्या एका दुकानापुरता असतो. मोबाइल नंबर बँकेत, दवाखान्यात, कुरिअरकडे आणि समाजमाध्यमांवर एकच असतो, आणि वर्षानुवर्षं बदलत नाही. एका ठिकाणची यादी दुसऱ्या ठिकाणच्या यादीशी जुळवायला याहून चांगलं साधन नाही. जाहिरात कंपन्यांना यादी देताना “आम्ही नंबर पाठवत नाही, त्याचा हॅश पाठवतो” असं सांगितलं जातं. हॅश म्हणजे नंबरावर ठरावीक गणित करून काढलेली लांब अक्षरमाळ. पण दोन्ही बाजू तेच गणित करतात, म्हणून जुळणी व्हायची ती होतेच. पाठवायचा हेतूच तो असतो. शिवाय दहा आकडी नंबर एकूण एक हजार कोटीच असू शकतात. साध्या एसएचए-२५६ पद्धतीने त्या सगळ्यांचे हॅश काढायला एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंद ते मिनिटं लागतात. हॅशवरून नंबर शोधणं त्यामुळे कुणालाही जमण्यासारखं आहे.

काउंटरवर नंबर मागितला तर “नंबरशिवाय बिल करा” एवढंच शांतपणे सांगावं. पुढे सॉफ्टवेअर नंबराशिवाय जात नाही असं उत्तर आलं, तर रकाना रिकामा सोडायची सोय आहे का ते पर्यवेक्षकाला विचारा. पुष्कळ ठिकाणी असते, पण कॅशियरला दाखवलेली नसते. खोटा नंबर मात्र सांगू नका. तो कुणाचा तरी खरा नंबर असतो, आणि त्या माणसाला तुमची बिलं एसएमएसने जातात. नंबर न देण्याचा तोटाही आहे. माल परत करताना बिल शोधता येत नाही आणि सदोष वस्तू कंपनीने परत मागवली तर कळवणारं कुणी नसतं. म्हणून कागदी बिल घ्या आणि त्याच दिवशी त्याचा फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने आणि उजेडाने उडतात.

अ‍ॅपबद्दल माझं मत मधलं आहे, कारण त्यात कार्डापेक्षा धोका जास्त असला तरी लगामही आपल्या हातात असतो. बारकोड काउंटरवर दाखवणं एवढंच त्याचं काम. त्यासाठी संपर्कयादी, मायक्रोफोन आणि ‘कायम लोकेशन’ यांपैकी काहीही लागत नाही. लोकेशन ‘अ‍ॅप वापरताना’ एवढंच ठेवा आणि ‘अचूक लोकेशन’ बंद करा. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर १२ पासून ही सोय आहे. अँड्रॉइडवर ‘जवळची उपकरणं’, आयफोनवर ‘ब्लूटूथ’ ही परवानगी नाकारा. दुकानात लावलेले बीकन, म्हणजे ब्लूटूथची छोटी उपकरणं, नुसता आपला क्रमांक प्रसारित करत राहतात, त्यांना तुमचा फोन दिसत नाही. तो क्रमांक ऐकून “हा ग्राहक तिसऱ्या रांगेत उभा आहे” असं कळवतं ते तुमच्याच फोनमधलं अ‍ॅप. ही परवानगी आणि अचूक लोकेशन दोन्ही नसली की ही साखळी तिथेच तुटते.

मग जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळखक्रमांक. अँड्रॉइड १२ पासून तो सेटिंग्जमध्ये जाऊन काढून टाकता येतो. त्यानंतर अ‍ॅपला नुसती शून्यं मिळतात. आयफोनवर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून अ‍ॅपला माग काढण्याआधी विचारावं लागतं. तिथे नकार द्या. अ‍ॅप उतरवण्याआधी स्टोअरमधली गोपनीयतेची माहिती वाचावी, पण ती कंपनीने स्वतः भरलेली असते हे विसरू नये. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये माग काढणारे कोणते घटक आहेत ते एक्सोडस प्रायव्हसी या फ्रेंच संस्थेच्या साइटवर पाहता येतं. दुकानाच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात कंपन्यांचे घटक भरपूर दिसले तर ते अ‍ॅप सोडून द्या.

एक उपाय मी सगळ्यांना सुचवतो: बारकोडचा स्क्रीनशॉट काढा आणि अ‍ॅप फोनमधून काढून टाका. बारकोड स्थिर असेल तर काउंटरवर तो चालतो. काही अ‍ॅप दर थोड्या वेळाने बारकोड बदलतात, तिथे ही युक्ती लागू पडत नाही. मग ब्राउझरमधून लॉगिन करून बारकोड उघडावा. खात्याला वेगळा ईमेल पत्ता द्या. मुख्य पत्त्याला अधिकचं चिन्ह (+) आणि एखादा शब्द जोडून केलेला पत्ता पुरत नाही, कारण चिन्हापुढचा भाग काढून मूळ पत्ता मिळवणं एका ओळीच्या सूचनेचं काम आहे.

दुकानाचं मोफत वायफाय टाळा. फोन आपला नेटवर्क पत्ता (वायफायला दिसणारा फोनचा क्रमांक) हल्ली लपवतात, अँड्रॉइड १० पासून तर आपोआप, पण एका नेटवर्कसाठी तयार झालेला पत्ता तिथे सहसा तोच राहतो. ओटीपी टाकून एकदा जोडलात, की पुढच्या फेरीला फोन दारातच आपोआप जोडला जातो आणि पत्ता तुमच्या नंबराशी जुळतो. आधीच जोडला असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ते नेटवर्क ‘विसरा’.

वय तपासण्यासाठी ओळखपत्र मागितलं तर दाखवा, स्कॅन करू देऊ नका. पाहणाऱ्याला फोटो आणि जन्मतारीख पुरते; मशीन मात्र कोडमधलं नाव, पत्ता, क्रमांक सगळं उचलू शकतं. चेहऱ्याच्या बाबतीत ग्राहकाच्या हातात फारच थोडं आहे, आणि हेच मला सर्वांत गंभीर वाटतं. अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी व्यापार आयोगाने) डिसेंबर २०२३ मध्ये राइट एड या औषधदुकानांच्या साखळीवर चेहरा ओळखणारं तंत्र पाळतीसाठी वापरायला पाच वर्षांची बंदी घालायचं ठरवलं, कारण यंत्रणा निरपराध ग्राहकांना चोर ठरवत होती आणि कर्मचारी त्यांच्या मागे लागत होते. कार्ड बदलता येतं, नंबर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

योजनेतून बाहेर पडताना क्रम चुकतो तो बहुतेकांचा इथेच: आधी अ‍ॅप काढून टाकतात. खातं तसंच राहतं. आधी पॉइंट संपवा. मग आपल्या माहितीची प्रत आणि ती कुणाकुणाला दिली त्यांची यादी लेखी मागा. युरोपच्या जीडीपीआर या माहितीसंरक्षण कायद्यात हे साधारणपणे मोफत आणि एका महिन्यात मिळायला हवं. प्रत हातात आल्यावर जाहिरातींची संमती काढून घ्या, खातं मिटवायला सांगा, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅप काढा. हिशेबासाठी बिलं ठेवावीच लागतात असं उत्तर येईल आणि ते खरं असू शकतं, पण बिल ठेवायला त्यावर ग्राहकाची ओळख जोडलेली असायलाच हवी असं नाही. “बिलं ठेवा, माझ्या खात्याशी असलेला संबंध तोडा” असं स्पष्ट लिहा.

आणि नंबर बंद करणार असाल तर त्याआधी प्रत्येक योजनेतून तो काढा. बंद झालेले नंबर काही काळाने नव्या माणसाला दिले जातात, आणि ओटीपीवर चालणाऱ्या खात्यात त्या माणसाला तुमचे पॉइंट आणि तुमची जुनी बिलं दोन्ही उघडता येतात.